बाहेरून शिकणाऱ्याला स्कॉलरशिप मिळते का हो?

मागच्या अंकात दूरशिक्षणाच्या प्रवेशावर लिहिलं तेव्हा वाटलं होतं लोक अभ्यासक्रम विचारतील, सेंटर कुठंय विचारतील. पण निम्म्याहून जास्त पत्रांत एकच प्रश्न, ताई पैशाचं काय? बरोबरच आहे म्हणा. जो बाहेरून शिकतो तो बहुतेक वेळा पैशापायीच बाहेरून शिकत असतो, कॉलेजात बसायला वेळ नाही कारण कामावर जायचंय, आणि कामावर जायचंय कारण घर चालवायचंय. आणि मदतीच्या योजना बघाव्या तर त्यातल्या बऱ्याचशा कॉलेजात बसणाऱ्यांसाठीच लिहिलेल्या. मी एकोणीस वर्षं एका अभ्यासकेंद्राच्या खिडकीत बसले, फॉर्म घेतले, पावत्या फाडल्या, शेवटच्या तारखेला संध्याकाळी सहा वाजता धापा टाकत आलेल्यांना आधी पाणी दिलं आणि मग ओरडले. त्या खिडकीतून जे दिसलं त्यावरून उत्तरं देतेय. पत्रं थोडी कापलीत, नावं काढलीत.

ताई, मी अनुसूचित जमातीची आहे, वय २६, मेडिकल दुकानात कामाला जाते. नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून बीएला प्रवेश घेतलाय. सायबर कॅफेवाला म्हणतो बाहेरून करणाऱ्यांना स्कॉलरशिप नसते, फॉर्म भरूच नको. खरंय का? — एक वाचक, अकोले

नाही, खरं नाहीये. हे सायबरवाले फॉर्म छान भरतात पण नियम स्वतःच्या मनाने बनवतात, त्याला काय करणार.

भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, जिला आपण सगळे नुसतं ‘जीओआय’ म्हणतो, तिच्या अनुसूचित जमातीसाठीच्या केंद्राच्या नियमावलीत पत्राद्वारे शिक्षण घेणाऱ्यांचा वेगळा मुद्दाच आहे आणि दूरशिक्षण त्यातच धरलंय. फीची भरपाई, वर पुस्तकांसाठी वर्षाला ठरावीक रक्कम, २०१० च्या सुधारित दरांत ती १,२०० रुपये होती. १,२०० मध्ये काय येतं ते मला नको सांगूस, मलाही माहितीये.

आता तुझ्या बाबतीतली मेख. तू कामाला जातेस. नोकरी करणाऱ्याला ही शिष्यवृत्ती मिळू शकते, पण स्वतःची कमाई अधिक आईवडलांची कमाई मिळून मर्यादेत बसली पाहिजे, म्हणजे वर्षाला अडीच लाखांच्या आत, आणि मिळते ती फक्त परत न मिळणाऱ्या सक्तीच्या फीपुरती. म्हणजे फी परत येईल, हातखर्चाला काही येईल अशी आशा ठेवू नको. दुकानातला पगार लपवून नुसता वडलांचा उत्पन्नाचा दाखला जोडायचा सल्लाही तुला कोणीतरी देईलच, तो ऐकू नको, पुढे पडताळणीत निघालं तर मिळालेले पैसे परत भरावे लागतात आणि तुझ्या नावावर डाग तो वेगळाच.

अर्ज महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर. तुमच्याकडचं आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय राजूरला आहे, अडलं तर थेट तिथं जा, फोनवर काही होत नाही. जायच्या आधी पोर्टलवर तुझी संस्था आणि तुझा कोर्स यादीतून निवडता येतोय का ते बघ, नाव सापडत नसेल तर जवळचं दुसरंच कुठलंतरी नाव निवडून फॉर्म पुढे ढकलू नको, अर्ज तिथंच कुजतो. स्क्रीनशॉट काढ आणि केंद्रावर दाखव.

एक मात्र लक्षात ठेव, तुला आणि पुढच्या सगळ्यांनाच सांगतेय. ही भरपाई आहे. आधी खिशातून फी भरायची, पैसे नंतर येतात, कधी त्याच वर्षी येतात, कधी पुढच्या वर्षाचा प्रवेश झाल्यावर येतात. स्कॉलरशिप आली की फी भरेन असं म्हणत बसलेल्या कितीतरी पोरींची वर्षं माझ्या खिडकीसमोर गेलीयेत. फीची सोय वेगळी कर, भिशी लाव, काहीही कर, आणि आलेले पैसे पुढच्या वर्षाला ठेव.

मुलींचं शिक्षण शासनाने मोफत केलंय ना? मग माझ्या मुलीला मुक्त विद्यापीठाच्या बीकॉमची फी का मागतात? ओबीसी, उत्पन्न ५ लाख. — एक पालक, चाळीसगाव

दादा, या प्रश्नाची सतरा पत्रं आलीत.

तो शासन निर्णय ८ जुलै २०२४ चा. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना आधी फीत ५० टक्के सवलत होती ती १०० टक्के केली, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क दोन्ही. पण कुणाला? तर व्यावसायिक अभ्यासक्रमांना, आणि तेही केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून म्हणजे कॅप राउंडमधून प्रवेश घेतलेल्यांना. इंजिनिअरिंग, फार्मसी वगैरे. घरी बसून केलेलं बीकॉम त्यात येत नाही. बातमी देणाऱ्यांनी ‘मुलींना शिक्षण मोफत’ एवढंच मोठ्या अक्षरात छापलं आणि बाकीचं बारीक अक्षरात, त्याचा हा घोळ. फी भरून टाका, मुलीचं वर्ष घालवू नका.

बारावीला ८७ टक्के पडले होते, केंद्राची ती वर्षाला १२ हजारवाली स्कॉलरशिप मिळतेय. आता दुसऱ्या वर्षाला आहे. बाबांची तब्येत बिघडली म्हणून मला नोकरी धरायचीय, कॉलेज सोडून इग्नूला म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाला ट्रान्सफर झालो तर स्कॉलरशिप चालू राहील ना? — वय १९, लातूर

नाही रे. ही जी सेंट्रल सेक्टर स्कॉलरशिप आहे, बोर्डात ८० पर्सेंटाइलच्या वर असणाऱ्यांना मिळते ती, तिच्यात स्पष्ट लिहिलंय की कोर्स रेग्युलर हवा, पत्राद्वारे किंवा दूरशिक्षणाने चालणार नाही. सोडलंस त्या दिवशी ती गेली.

त्यामुळे घाईत दाखला काढू नको. आधी कॉलेजात प्राचार्यांना भेट, सकाळची बॅच आहे का, हजेरीत काय सांभाळून घेतील, ते विचार. सकाळी सात ते अकराचं कॉलेज करून दुपारी कामाला जाणारी मुलं लातुरात कमी नाहीत, तुला मी काय सांगायचं. बाबांच्या आजारपणाचे कागद सोबत ने, नुसतं तोंडी सांगून कोणी ऐकत नाही.

आणि खरंच जमणार नसेल तर बिनदिक्कत सोड. वर्षाला १२ हजारांसाठी महिन्याला १२ हजारांची नोकरी घालवणं शहाणपणाचं नाही आणि इग्नूची डिग्री काही दुय्यम नसते, दूरशिक्षणाची मान्यताप्राप्त पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची हे यूजीसीनेच म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने सांगितलेलं आहे. इग्नूत छापील पुस्तकांऐवजी डिजिटल घ्यायचा पर्याय निवडला की फीत १५ टक्के सूट असते, तो प्रवेशाचा फॉर्म भरतानाच निवडायचा असतो, नंतर आठवून उपयोग नाही. पुस्तकं तर इग्नूच्या ई-ज्ञानकोश साइटवर फुकटच आहेत.

मी कॉलेजात रेग्युलर बीएस्सी करते आणि सोबत इग्नूचं बीए पण लावलंय, आता दोन डिग्र्या चालतात म्हणून. दोन्हीवर स्कॉलरशिपचा फॉर्म भरू का? — परभणी

दोन डिग्र्या चालतात, एप्रिल २०२२ पासून यूजीसीने एक कॉलेजातली आणि एक दूरशिक्षणाची अशी एकाच वेळी करायला परवानगी दिलीय. स्कॉलरशिप दोन चालत नाहीत. एकावरच भर, अर्थात जिथं फी जास्त तिथं. आणि जाता जाता, एक बीए झाल्यावर परत दुसऱ्या विषयात बीए, किंवा बीएनंतर बीकॉम, असं त्याच पायरीवर पुन्हा शिकायला जीओआय मिळत नाही. बीएनंतर एमए असेल तर चालतं.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना इग्नूत फी माफ असते असं ऐकलं. मी दोन कोर्सला फॉर्म टाकले, एकात तरी लागेल म्हणून. दोन्ही रिजेक्ट झाले. असं का? — कल्याण

तुम्ही स्वतःच उत्तर लिहिलंय की. इग्नूची ही फीमाफी अनुसूचित जाती आणि जमातीच्या विद्यार्थ्यांना आहे पण ठरावीक कोर्सलाच आहे आणि एका वेळी एकाच कोर्ससाठी मागता येते, दोन ठिकाणी मागितली की सगळेच अर्ज बाद. रेल्वेच्या वेटिंगसारखं दोन तिकिटं काढून ठेवायची सवय आपल्याला, पण इथं ती नडते. पुढच्या प्रवेशाला एकच निवडा, जातीचा दाखला स्पष्ट वाचता येईल असा स्कॅन करा. मोबाईलवर पंख्याखाली फोटो काढून टाकतात लोक, त्यात शिक्का दिसतो आणि नाव दिसत नाही.

ऑनलाइन एमबीएसाठी एका कंपनीतून रोज फोन येतोय. फी १ लाख ६० हजार, पण ‘नो कॉस्ट ईएमआय’ आहे म्हणतात, महिन्याला ६,७०० पडतील, स्कॉलरशिप पण ४० हजारांची दिलीय फक्त आजच्या दिवस. बँकेत गेलो तर बँक दूरशिक्षणाला लोन देत नाही म्हणाली. घेऊ का? — वय ३१, पिंपरी-चिंचवड

थांबा. आधी पाणी प्या, फोन सायलेंटवर टाका.

‘फक्त आजच्या दिवस’ मिळणारी स्कॉलरशिप ही स्कॉलरशिप नसते हो, तो साडीच्या दुकानातला सेल आहे. किंमत आधी वाढवून लावायची आणि मग सूट दाखवायची. जिला खरी शिष्यवृत्ती म्हणतात तिला नियम असतात, तारीख असते, कागद लागतात, आणि ती मिळाली नाही तर कोणी पाचदा फोन करून आठवण करून देत नाही.

दुसरं ते ‘नो कॉस्ट ईएमआय’. हे तुमच्या नावावरचं कर्ज आहे. विद्यापीठाचं नाही, कोर्स विकणाऱ्या कंपनीचंही नाही, तिसऱ्याच एखाद्या फायनान्स कंपनीचं. ती फायनान्सवाली सगळे पैसे त्यांना एकदम देऊन टाकते आणि तुम्ही दोन वर्षं तिला फेडत बसता. माझ्याच नात्यातल्या एका मुलाने असंच घेतलं, मोबाईलवर ओटीपी सांगितला, पॅन नंबर दिला, त्याला वाटलं ॲडमिशनचं व्हेरिफिकेशन चाललंय. तीन महिन्यांनी त्याला कळलं की लेक्चर रेकॉर्डेड आहेत आणि शंका विचारायला कोणी नाही, म्हणून त्याने कोर्स सोडला. कोर्स सुटला, हप्ता नाही सुटला. त्याने चिडून बँकेतून हप्ता बंद केला तर वसुलीचे फोन त्याच्या साहेबाला जायला लागले आणि पुढे बाईकच्या लोनला सिबिल आडवा आला. तो करार मी नंतर वाचला, सगळं लिहिलेलं होतं हो त्यात. एकविसाव्या पानावर.

म्हणून करायचं काय, तर पहिल्यांदा यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या म्हणजे डेबच्या वेबसाइटवर जा, तिथं कुठल्या विद्यापीठाला कुठल्या वर्षी कुठल्या कोर्सची परवानगी आहे त्याची यादी असते. विद्यापीठाचं नाव असून भागत नाही, तुमचा कोर्स आणि तुमचं वर्ष दोन्ही तिथं हवं. २०२४ पासून दूरशिक्षणाच्या आणि ऑनलाइन प्रवेशाला डेब-आयडी लागतो, तो स्वतःच काढायचा, ‘आम्ही काढून देतो’ म्हणणाऱ्याला आधारचा ओटीपी द्यायचा नाही. मग त्यांना सांगा की पूर्ण फी विद्यापीठाच्या खात्यात थेट, एकेका सेमिस्टरची भरतो. फोन आपोआप कमी होतील बघा.

आणि एमबीएच हवंय तर इग्नूचं याच्या निम्म्याहून कमी पैशात होतं, सेमिस्टर सेमिस्टरने भरता येतं, कर्जच नको. तिथं टाय घालून वेलकम किट कोणी पाठवत नाही एवढंच.

ऑफिसात टॅक्ससाठी माझ्या एमएची फीची पावती देता येईल का? — ठाणे

स्वतःच्या फीची नाही. जुन्या करपद्धतीत ट्यूशन फीची वजावट मुलांच्या शिक्षणाची मिळते, दोन मुलांपर्यंत, आणि शिक्षण पूर्णवेळ हवं. त्यामुळे मुलगा दूरशिक्षणाने करत असेल तरी नाही.

महाडीबीटीवर ‘पैसे जमा झाले’ दाखवतंय पण माझ्या खात्यात काहीच नाही. बँकेत तीनदा जाऊन आले, ते म्हणतात आमच्याकडे आले नाहीत, केंद्रावर म्हणतात आमचं काम झालं. गेल्या मार्चपासून फिरतेय. — गृहिणी, सांगोला

ताई, पैसे आलेत. तुम्ही चुकीच्या बँकेत शोधताय.

फॉर्मवर आपण खाते नंबर लिहितो, पासबुकाची झेरॉक्स जोडतो, आणि आपल्याला वाटतं पैसे तिथंच येणार. पण ते पैसे खाते नंबर बघून येत नाहीत, आधार बघून येतात. तुमचा आधार शेवटचा ज्या बँकेत ‘सीड’ झालाय, म्हणजे सरकारी पैसे घ्यायला जोडला गेलाय, तिथं ते जातात. आधार लिंक आणि आधार सीडिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केवायसीला आधारची झेरॉक्स दिली म्हणजे लिंक झालं, पण सीडिंगचा फॉर्म वेगळा सही करून द्यावा लागतो, आणि एका वेळी एकाच बँकेत होतं.

माझ्या खिडकीवर एक बाई अशाच आल्या होत्या, दीड वर्ष फिरून. मी त्यांना म्हटलं घरातली सगळी पासबुकं आणा. दुसऱ्या दिवशी पिशवीत पाच आणली, त्यात एक निळं, कोपरे उंदराने खाल्लेलं, गॅसच्या सबसिडीसाठी कधीतरी काढलेलं, ते खातं त्यांच्या लक्षातही नव्हतं. एंट्री मारून आणली तर त्यात दोन वर्षांची स्कॉलरशिप, सहा गॅसच्या सबसिड्या आणि एसएमएस चार्जची कापाकापी. आनंदाने रडल्या का रागाने ते मला अजून कळलं नाही.

तर आधारच्या वेबसाइटवर लॉगिन केलं की बँक सीडिंग स्टेटस म्हणून आहे, तिथं बँकेचं नाव दिसतं. मोबाईल नंबर आधारला जोडलेला हवा, नाहीतर ओटीपी येत नाही. ज्या बँकेचं नाव येईल तिचं पासबुक शोधा, नाही सापडलं तर आधार घेऊन त्या बँकेत जा. पुढचे पैसे हव्या त्या खात्यात यायला हवे असतील तर त्या बँकेत सीडिंगचा फॉर्म द्या आणि चार दिवसांनी परत स्टेटस बघा, क्लार्कच्या ‘झालं झालं’ वर जाऊ नका.

केंद्रावर फी सोडून १,५०० रुपये वेगळे मागतात, असाइनमेंटचे आणि ‘स्कॉलरशिप फॉरवर्डिंगचे’ म्हणून. पावती देत नाहीत. — नाव नको, विदर्भ

देऊ नका. विद्यापीठाची फी ऑनलाइन थेट विद्यापीठाला भरायची असते, तिची पावती तुमच्या नावावर निघते. स्कॉलरशिपचा अर्ज पुढे पाठवायला पैसे लागत नाहीत, ते त्यांचं कामच आहे. पावती मागा, आणि लेखी मागा, ‘मला रोखीची पावती द्यावी’ असा दोन ओळींचा अर्ज पुरतो. माझ्या अनुभवात पावतीचा अर्ज बघितला की पन्नास टक्के मागण्या तिथल्या तिथं विरतात. उरलेल्या पन्नासांसाठी विद्यापीठाचं विभागीय केंद्र आहे, तक्रार तिथं करायची, तारखेसकट.

मिस्टर सेंट्रिंगचं काम करतात, बांधकाम कामगार म्हणून नोंदणी आहे, पेटी आणि भांडी मिळालीत. मला बीए करायचंय, त्याचं काही मिळतं का? — जालना

अगं मिळतं, आणि हे फार कमी बायकांना माहितीये. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या शैक्षणिक योजनांत पदवीच्या प्रत्येक वर्षाला २० हजार आहेत, कामगाराच्या दोन मुलांना किंवा बायकोला. बायकोला असं योजनेतच लिहिलंय. भांड्यांच्या रांगेत सगळा गाव उभा राहतो आणि या योजनेच्या रांगेत कोणी नसतं.

मिस्टरांची नोंदणी चालू आहे का ते आधी बघ, ती दरवर्षी नूतनीकरण करावी लागते आणि पेटी मिळाली की बहुतेकांची नोंदणी मेलेली असते. नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. मग मुक्त विद्यापीठाचं बोनाफाईड, फीची पावती आणि मागच्या वर्षाची मार्कलिस्ट घेऊन तालुक्याच्या कामगार सुविधा केंद्रात जा. प्रवेश घ्यायच्या आधीच एकदा जाऊन मुक्त विद्यापीठाचं बोनाफाईड घेतात का ते तोंडावर विचारून ये. एजंट दोन हजार मागेल, त्याला म्हण मला लिहिता वाचता येतं.

माझा भाऊ नागपूरच्या सेंट्रल जेलमध्ये आहे, शिक्षा लागलीय. बारावी झालेला आहे. तिथून पुढे शिकता येतं का आणि फी आम्ही कशी पाठवायची? — बहीण, वर्धा

फी पाठवायची नाही. इग्नूत कैद्यांना फी माफ आहे आणि नागपूरच्या जेलमध्ये इग्नूचं केंद्रच आहे, परीक्षाही आतच होते. महाराष्ट्रात शिक्षा झालेल्या कैद्याने पदवी पूर्ण केली तर शिक्षेत नव्वद दिवसांपर्यंत माफी मिळू शकते, ते भावाला सांग, अभ्यासाला तेवढंच निमित्त.

तुमच्याकडून लागतात ते कागद. त्याची दहावी बारावीची मार्कलिस्ट आणि आधार घरीच असणार ना, त्याच्या चांगल्या झेरॉक्स काढ, ओरिजिनल देऊ नको. पुढच्या भेटीला जाशील तेव्हा जेलच्या अधीक्षकांच्या नावाने साधा अर्ज लिहायला भावाला सांग, इग्नूच्या प्रवेशासाठी, आणि झेरॉक्स तिथल्या शिक्षकांकडे दे. इग्नूचे प्रवेश वर्षातून दोनदा असतात, जानेवारी आणि जुलैच्या सत्राला, त्यामुळे ही भेट हुकली तरी वर्ष जात नाही.

जमलं तर एक वही आणि दोन निळी पेनं पण विचारून बघ, आत देऊ देतात का ते.